वाढत्या अंगाची सायकल

सायकल घ्या असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की पोरीला सकाळच्या उन्हात बाहेर काढा, अंग हलू द्या, गोळ्या चुकवू नका आणि शक्यतो एकटी ठेवू नका. पालिकेचा दवाखाना, बाकड्यावर माणसं एकमेकांना चिकटून बसलेली, तरी त्यांनी माझ्याकडे नीट बघून हे सांगितलं. मला बरं वाटलं. एकटी ठेवू नका म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाहेर बायको पोरीला घेऊन उभी होती.

"काय म्हणल्या?"

"ऊन पाहिजे म्हणाल्या."

"ऊन? इतका वेळ रांगेत बसून ऊन?" ती म्हणाली, आणि पोरीचा हात धरून चालायला लागली.

आमची मुलगी तेव्हा बारावीला होती. दहावीला आमच्या गल्लीत तिच्याएवढे मार्क कुणालाच नव्हते. पेढे मी आणायच्या आधी शेजाऱ्यांनीच वाटले होते. अकरावी बरी गेली. मग दिवाळीनंतर ती उठेनाशी झाली. झोपलेली असायची असं नाही, डोळे उघडे असायचे. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केस विंचर म्हटलं तर "हो" म्हणायची आणि तशीच. आई ओरडली तरी "हो", मी समजावलं तरी "हो". भांडली असती तर बरं झालं असतं. एकदा आईनं तिला गदागदा हलवलं, "अगं लेकरा, तुला व्हायलंय तरी काय?" तेव्हा ती म्हणाली, "आई, मला सकाळ नको वाटते."

हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष राहिलं नाही. बायको घरीच इमिटेशन दागिन्यांच्या माळा ओवायची, म्हणून पोर एकटी नसायची, तरी मी सारखा फोन करायचो.

"काय करते?"

"पडलीय."

"जागी आहे?"

"अहो, किती वेळा विचारता? मला मणी मोजू द्या की."

मी फोन ठेवायचो आणि लगेच वाटायचं, बायको मण्यांकडे बघत असेल, पोरीकडे कोण बघतंय.

मी मूळचा परभणीकडचा. शाळा आठवीत सुटली. सोडली म्हणत नाही, सुटली. बाप अंथरुणाला खिळला, घरात थोरला मी, मग चुलत्यानं मुंबईला आणलं. बरीच वर्षं मिळेल ते काम केलं आणि शेवटी घाटकोपरला एका क्लासमध्ये शिपाई म्हणून लागलो. अकरावी-बारावीचा, सायन्सचा क्लास. वर्गातले फळे पुसायचे, एसी लावायचा, झेरॉक्स आणायच्या, पाण्याचे जार उलटे करायचे, उशिरा आलेल्या पोरांना हळूच मागच्या दारानं आत सोडायचं. पोरं मला मामा म्हणतात. क्लासचे सरही मामाच म्हणतात, पण अहोजाहो करून. सर देवमाणूस. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतः दवाखान्यात येऊन बसले होते. आणि पोरीची दहावी झाली तेव्हा मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मामा, मुलीला इथेच पाठवा. फीचं नाव काढायचं नाही." मी पाया पडायला वाकलो तर खांद्याला धरून उभं केलं.

तर ती तिसऱ्या बाकावर बसायची. मी वर्गात मार्कर द्यायला गेलो की ती वहीत बघायची. मीही तिच्याकडे बघायचो नाही. आमचं हे न बोलता ठरलं होतं. "मामा, एसी वाढवा ना." "मामा, पाणी संपलं, काय यार." "मामा, झेरॉक्स कुठंय?" पोरं वाईट नव्हती. मामाला ज्या सुरात हाक मारायची त्याच सुरात मारत होती. ती ऐकत होती. तिला त्याचं काय वाटायचं हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. त्यामुळेच हे सगळं झालं असंही मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण शोधत बसू नका. मी शोधतो. दुसरं काय करणार माणूस.

सायकलचं तिनंच काढलं. एका सकाळी तिला दाराशी उन्हात बसवली होती, हातात धरलेला चहा निवत चालला होता. समोरून कुणीतरी पोरगी सायकलवरून गेली. ती बराच वेळ त्या दिशेनं बघत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मला अजून येत असेल ना सायकल?"

लहानपणी मैदानात भाड्याच्या सायकली मिळायच्या, त्यावर ती शिकली होती. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून काही विचारलं होतं. "येणार की! सायकल कुणी विसरतं का?" मी इतक्या जोरात म्हणालो की ती दचकली. त्या दिवसापासून मी त्या एका वाक्याला धरून बसलो. सायकल आली की ती उठेल, हे माझ्या डोक्यात पक्कं झालं.

पण कुठली घ्यायची? मला एकट्यानं ठरवायची सवय नाही. साधी चप्पल घ्यायची तरी मी चार जणांना विचारतो. शेजारी पाववाला राहतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "काळी घे. माझी बघ, बापाची आहे. गिअरबिअरच्या नादाला लागलास तर वाट लागली समज." मेव्हण्याला फोन केला, तो म्हणाला, पोरीची जात आहे, पुढं जाळी असलेली लेडीज घ्या. बायको म्हणाली, "आधी तिला भांगात कंगवा घालू द्या, मग सायकल घ्या." शेवटी सरांना विचारलं. सर स्वतः दर रविवारी सायकल चालवतात, त्यांचा ग्रुप आहे, अंगाला घट्ट टीशर्ट घालून ठाण्याच्या पलीकडे जाऊन येतात. सायकलचं नाव काढताच त्यांनी हातातले पेपर बाजूला ठेवले.

"मामा, हायब्रिड. डोळे झाकून हायब्रिड घ्या. रेसिंगची नको, तिच्यावर वाकून बसावं लागतं आणि आपल्या खड्ड्यांत तिचे टायर टिकत नाहीत. ती जाड टायरवाली डोंगरातली पण नको, डांबरावर नुसता घाम काढते. हायब्रिड म्हणजे दोघींच्या मधली. हँडल सरळ, टायर ना जाड ना बारीक, गिअर मोजके. रोज तुम्ही तिच्यावर कामाला या, रविवारी मुलीला द्या. एकात दोन!"

एकात दोन म्हटल्यावर मला पटलंच. आमच्या घरात एका कामाची वस्तू नाहीच. पलंगाच्या पोटात धान्य आहे, शिलाई मशीनवर पोरीनं दहावीचा अभ्यास केलाय. आणि दुसरं म्हणजे सर म्हणाले होते. सरांनी लगेच मुलुंडच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. "आमचे मामा येतायत, नीट बघ." मी तिथंच उभा राहून हात जोडले. फोनवरच्या माणसाला ते दिसणार नव्हते.

पैशांचं झालं कसंतरी, ते सांगत नाही.

दुकानात पोर आली, हे मोठंच होतं. केसही विंचरले होते. सायकली वरपासून खालपर्यंत टांगलेल्या, रबराचा नवा वास. दुकानदार जाडजूड, चष्मा कपाळावर. त्यानं एक करडी सायकल खाली काढली, चाक उचलून फिरवलं. चाक आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. पोर त्या चाकाकडे बघत होती. मी पोरीकडे बघत होतो.

"कोण चालवणार?" दुकानदारानं विचारलं.

"आम्ही दोघं. मी कामावर, ही रविवारी."

"दोघं? मग माप कुणाचं घेऊ? बेबी, इधर ये. नळीच्या दोन्ही बाजूला पाय टाकून उभी राहा. हां, टाचा टेकव. बघा काका, हे तिचं माप. एकदम झकास बसतंय. तुम्हाला पण चालेल, तुम्ही काय फार उंच नाय."

त्याच्या मागे तीच सायकल, त्याच रंगाची, मोठ्या मापाची लावली होती.

"ती द्या," मी म्हणालो.

"ती मोठी होते तिला."

"वाढत्या अंगाची आहे."

आमच्याकडे लेकरांना अंगाबरोबरचं कधी घेतलं नाही. शाळेचा झगा शिवायला टाकताना शिंप्याला सांगायचं, वाढता ठेव. मग खाली चांगली हातभर दुमड घालायची आणि दरवर्षी ती उसवत जायची. चपलेत कापूस कोंबायचा. लेकरू त्या कपड्यात लपून जायचं, पण कुणी हसायचं नाही, कारण सगळ्यांची लेकरं तशीच. सायकल तर मोठीच असायची. मी बापाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकलो. सीटवर ढुंगण टेकायला मला मिशा फुटाव्या लागल्या. मोठी सायकल ही अडचण आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. लहान सायकल मात्र डोळ्यांसमोर दिसत होती: पोर बरी झाली, डॉक्टर झाली, आणि सायकल आखूड पडली म्हणून कोपऱ्यात पडून आहे.

"पप्पा, मी सतरा वर्षांची आहे," ती हळू म्हणाली. "मी आता नाही वाढणार."

"कोण म्हणतं? मी विसाव्या वर्षापर्यंत वाढत होतो."

"दिसतंय," दुकानदार म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. तीही थोडी हसली. ती हसली म्हणून मला वाटलं, झालं, तिलाही पटलं. दुकानदारानं खांदे उडवले आणि सीट अगदी खालपर्यंत नेली. "बाप आहे बाबा, बापाला काय बोलणार. पण उतरताना सांभाळून हां बेबी."

ती सायकल मलाही मोठी होती हे मला पहिल्या सोमवारी कळलं. गोवंडी ते घाटकोपर काही फार नाही, पण प्रत्येक सिग्नलला मला अंगठ्यावर तरंगत उभं राहावं लागायचं. तरी खोटं कशाला सांगू, सायकल देखणी होती. गाडी अशी पळायची की आपण चालवतोय असं वाटायचंच नाही. क्लासच्या पोरांनी घेरलं. "मामा, काय सायकल आहे! एक राउंड मारू का?" सरांनी स्वतःचं जुनं हेल्मेट आणून दिलं. मला ती सायकल डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटत होतं आणि भीतीही होती की एवढं चांगलं चाललंय म्हणजे काहीतरी होणार.

पण खरंच चांगलं चाललं, काही रविवार. सांगायलाच पाहिजे ते, नाहीतर ते झालंच नाही असं होईल.

रविवारी पाववाल्याचा सकाळचा फेरा आटोपला की त्याची सायकल रिकामी व्हायची. पोर हायब्रिडवर पुढं, मी पाववाल्याच्या काळ्या सायकलवर मागं, आणि माझ्या मागं पावांचा मोठा रिकामा पत्र्याचा पेटारा खडखड करत. आम्ही मानखुर्दवरून ट्रॉम्बेच्या जेट्टीकडे जायचो. रस्त्यात पोरंटोरं ओरडायची, "ए पाववाले, रुक ना!" एक बाई तर खरंच गाऊन सावरत धावत आली, "अरे भाऊ, सहा द्या." मी म्हणालो, "पाव नाहीत हो." "मग कशाला फिरवतो पेटी?" पुढं पोर थांबली होती आणि हँडलवर डोकं टेकून हसत होती. तिचे खांदे हलत होते. तो आवाज मी विसरलो होतो.

जेट्टीवर ओहोटीचा चिखल, त्याचा वास, होड्या कलंडलेल्या. आम्ही चहा आणि क्रीमरोल घ्यायचो. ती अख्खा खायची. ती म्हणाली, "पप्पा, इथं आलं की नाकातला धूर जातो." आमच्याकडे कचऱ्याच्या डोंगराचा धूर असतो, त्याचा आम्हाला वासच येत नाही असं झालेलं. दुसऱ्या एका रविवारी म्हणाली, "तुम्हाला शाळा सुटली तेव्हा कसं वाटलं होतं?" मी म्हणालो, "काय वाटणार, काम होतं समोर." तिनं चहाचा ग्लास परत नेऊन दिला. आता वाटतं, तिथं मी दुसरं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. खरं सांगायला पाहिजे होतं, की मी रानात जाऊन शाळेची घंटा ऐकू येणार नाही इतक्या लांब बसायचो. पण लेकरासमोर रडगाणं कशाला, असं वाटलं.

उतरताना ती दर वेळी फूटपाथ बघून, त्यावर पाय टेकवून उतरायची. मला ते हुशारीचं वाटायचं.

क्लासमध्ये सर रोज विचारायचे, "कशी आहे आता?" मी म्हणायचो, "तुमच्या कृपेनं सर, क्रीमरोल खाते." ते खूश व्हायचे. आणि मग एक दिवस म्हणाले, "मामा, या रविवारी तिला आमच्याबरोबर आणा. आपल्याच क्लासची मुलंमुली आहेत चार-पाच. घाटकोपरहून मुलुंड, तिथून ऐरोलीच्या पुलावर, खाडी बघायची आणि परत. मुलांमध्ये मिसळली की परत वर्गात यायला लागेल. परीक्षा जवळ आलीय."

"हो सर," मी म्हणालो. "उपकार होतील."

घरी जाऊन तिला सांगितलं.

"ग्रुपबरोबर?"

"सर स्वतः म्हणालेत."

"हो," ती म्हणाली. ते जुनं "हो" होतं. मला ऐकू आलं होतं, तरी मी ते ऐकलं नाही.

त्या रविवारी सगळी पोरं रंगीत कपड्यांत, प्रत्येकाच्या सायकलीला पाण्याची बाटली. मी पाववाल्याच्या सायकलवर. कुणीतरी म्हणालं, "मामा, वडापाव आहे का आत?" सगळे हसले, मीही हसलो, पोर हसली नाही. ईस्टर्न हायवेला लागल्यावर सगळे पुढं गेले. ती मध्ये होती, चांगली चालवत होती, पाठ ताठ. मी मागून जीव खाऊन पायडल मारत होतो. मुलुंडला जिथून ऐरोलीकडे वळतात तिथल्या सिग्नलपर्यंत मी त्यांना जवळजवळ गाठलं होतं.

सिग्नल लाल झाला. पुढच्या सगळ्यांनी ब्रेक मारून एकेक पाय खाली टेकवला. तिथं रस्ता एका अंगाला उतरता होता, फूटपाथ लांब होता. तिनं सीटवरून पुढं सरकून पाय खाली सोडला. तो पोचलाच नाही. नुसता अंगठा रस्त्याला लागला, नळी मध्ये आली आणि सायकलसकट ती उजव्या बाजूला, शेजारून येणाऱ्या बसच्या बाजूला, कलंडली. बसवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. तो आवाज माझ्या छातीत अजून आहे.

तिला फार लागलं नव्हतं. गुडघा सोलला, मनगट मुरगळलं. बसवाला खिडकीतून बाहेर वाकून मला, मलाच, ओरडत होता, "अबे, मरने का है क्या? बच्ची को इतनी बडी सायकल?" मी पोचेपर्यंत सरांनी तिला उचलून कडेला बसवलं होतं. एका मुलीनं स्वतःच्या बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं. एका मुलानं सायकल उचलली, हँडल सरळ केलं. कुणी हसलं नाही. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. सगळेच इतके चांगले वागले.

आणि ती उठून उभी राहिली. मुरगळलेला हात दुसऱ्या हातात धरून, दोन्ही हात छातीशी आणून, थोडी वाकून ती म्हणाली, "थँक्यू सर. सॉरी सर. माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं. थँक्यू." प्रत्येकाकडे बघून. बाटलीवाल्या मुलीला, सायकलवाल्या मुलाला. आणि तोंडावर हसू. ते हसू माझं होतं. मान कलती ठेवून, डोळे खाली, दात थोडे दिसतील असं. मी रोज सकाळी क्लासचं दार उघडताना तसाच हसतो. एवढी शिकलेली पोर, आणि तिनं माझ्याकडून नेमकं हेच घेतलं होतं.

"अगं, थँक्यू काय!" सर म्हणाले. "वेडी आहेस का?"

"थँक्यू सर," ती परत म्हणाली.

मी म्हणालो, "सर, तुम्ही होतात म्हणून."

रिक्षानं घरी आणलं. बायकोनं गुडघ्याला हळद लावली आणि मला जे बोलायचं ते बोलली. "माप कळत नाही तर दुकानात कशाला गेला होता? लेकरू बसखाली गेलं असतं तर?" मी ऐकून घेतलं. पोर भिंतीकडे तोंड करून पडली. बायको बाहेर गेल्यावर मी जवळ बसलो. म्हणालो, "बदलून आणतो. ते लहान माप आणतो, त्या दिवशीचं."

"नको."

"दुकानदार ओळखीचा आहे सरांच्या."

"पप्पा," भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "मला त्यांच्यासमोर पडायचं नव्हतं. तुम्ही हो का म्हणालात?"

"सरांना नाही कसं म्हणणार मी?"

"मला विचारायचं."

"तू हो म्हणालीस ना."

"मी पण नाही कसं म्हणणार?"

एवढंच बोलणं झालं. तिच्या आवाजात राग नव्हता.

त्यानंतर ती सायकलवर बसली नाही. जेट्टीवर चालत, बसनं, कसंही जाऊ म्हटलं, तर "हो" म्हणायची आणि उठायची नाही. मी तिला न सांगता दुकानात गेलो. दुकानदार चाकाला हात लावून म्हणाला, "काका, आता ही वापरलेली झाली. बदलून कशी देऊ? त्या दिवशी बोललो होतो ना." त्याचंही बरोबर होतं. मी तीच सायकल चालवत राहिलो. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या, वाढवल्या. त्या धीर देतात, वेळ लागतो म्हणतात. किती वेळ, हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मलाही सांगता येत नाही." निदान खरं बोलल्या.

बारावीची परीक्षा आली आणि गेली. ती बसली नाही. पहिल्या पेपरच्या दिवशी दुपारी क्लासमध्ये पोरं आली, फळ्याभोवती गर्दी, "सोपा होता यार", "शेवटचं गणित सुटलं का तुला?" मी पाणी भरत होतो. जिनं बाटलीतलं पाणी ओतलं होतं ती मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, तिला सांगा..." आणि पुढं तिला काय सांगायचं ते सुचेना. मी म्हणालो, "सांगतो हं."

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं. मी त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो.

"मामा, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी बसेल. तिची जागा मी ठेवतो. तिसरा बाक, तिचाच."

माझे हात आपोआप जुळायला निघाले. मला सिग्नलजवळची ती दिसली. मी हात खाली घेतले, मांड्यांवर दाबून धरले. वाटलं, आज म्हणावं, सर, तिला आधी विचारतो. एवढंच. साधे शब्द. तोंडातून आलं, "फार उपकार झाले सर." सर चांगले आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी बाहेर येऊन फळा पुसायला घेतला आणि पुसलेलाच फळा परत पुसत राहिलो.

घरी आलो तेव्हा उजेड होता. बायको दारात माळा ओवत बसली होती, तिनं नुसती मान हलवून आत खूण केली. पोर पडली होती. मी बुटांसकट आत गेलो, मग परत बाहेर येऊन बूट काढले. तिच्या उशाशी बसलो. सरांनी जागा ठेवलीय हे सांगायचं होतं. म्हणजे सांगायलाच पाहिजे होतं, त्यांनी एवढं केलंय. पण तिची पाठ बघितली. गाऊन पाठीवर ढगळ झाला होता, खांद्यांची हाडं दिसत होती. जागेचं राहू दिलं. मी तिला विचारलं. इतक्या महिन्यांत मी दुकानदाराला, पाववाल्याला, मेव्हण्याला, सरांना, डॉक्टरीणबाईंना, सगळ्यांना जे विचारलं होतं ते.

"मी काय करू गं?"

ती वळली नाही. मला वाटलं झोपलीय. मग म्हणाली, "काही करू नका. बसा."

"बसू?"

"हं."

मी बसलो. नुसतं बसायचं मला जमत नाही. हात कशाला तरी लागतात, चादर सरळ करावीशी वाटते, पंखा कमी-जास्त करावासा वाटतो. मी हात मांडीखाली घेतले. गल्लीत नळाला पाणी आलं, भांड्यांचा दणदणाट सुरू झाला. बायको हाक मारायला लागली, "अहो, पाणी आलं! यायलात ना? अहो!" मी हललो नाही. ती परत ओरडली.

"जा," पोर म्हणाली. "पाणी जाईल."

"तू म्हणालीस ना, बस म्हणून."

"नंतर."

मी पाणी भरून आत आलो तेव्हा ती खरंच झोपली होती. मी ओल्या हातांनी परत उशाशी बसलो. तिचा श्वास ऐकत होतो. बायको जेवायला बोलवेपर्यंत तिथंच होतो, आणि तोवर ती जागी झाली नाही.